गावातलं दुकान मागच्या दाराशी हरतं

लहान गावातलं एकुलतं एक किराणा दुकान बंद पडलं की कारणं सगळ्यांना पाठ असतात. लोक शहरात गेले, उरलेल्यांकडे गाड्या आल्या, मोठ्या दुकानात स्वस्त मिळतं, मालक थकला. यातलं खोटं काहीच नाही. पण ही सगळी कारणं दुकानाच्या पुढच्या दारात, म्हणजे गिऱ्हाईक आत येतं तिथे उभं राहून दिसणारी आहेत. दुकानाला मागचंही एक दार असतं. तिथे मालाची गाडी लागते, पेट्या उतरतात, बिलावर सही होते. वेगवेगळ्या देशांतले प्रयत्न बघितल्यावर माझं मत पक्कं झालं आहे की लहान गावातलं दुकान बहुतेक वेळा या मागच्या दाराशी हरतं. ते वाचवायचे बरेचसे उपाय मात्र पुढचं दार रंगवण्यात खर्ची पडतात. हे नीट समजून घ्यायचं तर दुकानाच्या हिशोबात शिरावं लागेल. हिशोब अवघड नाही.

त्याआधी एक प्रश्न: ‘जवळ दुकान नाही’ असं नेमकं कधी म्हणायचं? अमेरिकेच्या कृषी खात्याचा ग्रामीण भागासाठी सर्वाधिक वापरला जाणारा निकष आहे १० मैलांचा, म्हणजे साधारण १६ किलोमीटरचा. सुपरमार्केट त्याहून लांब असेल तर त्या भागात अन्न सहज मिळत नाही, असं धरतात. जपानच्या कृषी मंत्रालयाचा हिशोब वेगळा आहे. वय ६५ किंवा जास्त, दुकान ५०० मीटरपेक्षा लांब आणि स्वतःची गाडी वापरणं शक्य नाही, अशा माणसांना त्यांनी मोजलं. २०२० साली ती संख्या ९० लाखांवर होती. म्हणजे त्या वयोगटातला साधारण दर चौथा माणूस. जपानी भाषेत अशा लोकांना ‘काइमोनो नानमिन’ म्हणतात, खरेदीचे निर्वासित. अमेरिकेच्या मोजमापाने गाडी गृहीत धरली आहे, जपानच्या मोजमापाने माणसाचे पाय. मला दुसरं जास्त प्रामाणिक वाटतं. दुकान बंद झालं तरी गाडी असलेल्या घराचं फारसं अडत नाही. ते लोक आधीपासूनच महिन्याचं सामान शहरातून आणत असतात. अडतं ते गुडघे दुखणाऱ्या आजींचं, दृष्टी गेल्यामुळे गाडी सोडावी लागलेल्या माणसाचं, घरात एकच गाडी आणि ती दिवसभर कामावर गेलेली, अशा बाळंतिणीचं.

आता हिशोब.

किराणा हा जगातल्या सगळ्यात कमी नफ्याच्या धंद्यांपैकी एक आहे. सगळा खर्च वजा जाता विक्रीच्या साधारण १ ते ३ टक्के हातात उरतात. समजा, एका दुकानाची विक्री १०० आहे. माल ७५ चा, म्हणजे वरचे २५ दुकानाचे. त्यातले २३ पगार, वीज, भाडं, विमा, दुरुस्ती यांत जातात. उरले २. यातली विजेची बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. खाद्यपदार्थांच्या दुकानात जवळपास अर्धी वीज नुसत्या थंड ठेवण्यावर खर्च होते, आणि फ्रीजमध्ये दुधाच्या वीस पिशव्या असोत की दोनशे, तो चालूच राहतो.

आता गावातल्या काही घरांनी थोडी खरेदी बाहेर न्यायला सुरुवात केली. विक्री १०० वरून ९० वर आली. दुकानात पाऊल टाकलं तर फरक जाणवणारही नाही. पण दुकानदाराचा वाटा आता साडेबावीस झाला आणि खर्च २३ चा २३ च राहिला. दुकान तोट्यात गेलं. दहा टक्के विक्री घटली आणि सगळा नफा पुसला गेला. तोट्यातला दुकानदार मग दुकानात ठेवायच्या वस्तू कमी करतो, फडताळं विरळ दिसू लागतात, आणि ‘तिकडे काही मिळतच नाही’ म्हणत आणखी चार घरं शहराचा रस्ता धरतात.

हाच हिशोब उलटाही चालतो आणि ही बाजू फार क्वचित सांगितली जाते. विक्री १०० वरून ११० झाली तर दुकानाचा वाटा साडेसत्तावीस, खर्च तोच, आणि उरतात साडेचार. नफा दुपटीहून जास्त. म्हणजे गावाने सगळी खरेदी गावातच करावी असं कुणी म्हणायची गरज नाही. प्रत्येक घराने थोडी आणि नेमाने केली तरी पुरतं.

इथवर पुढच्या दाराचं झालं. मागच्या दाराशी तीन गोष्टी घडतात.

पहिली, पेटी. घाऊक व्यापारी पेटी फोडून देत नाही. पेटीत २४ नग आहेत, प्रत्येक नग ७५ ला घेऊन १०० ला विकायचा. मोठ्या दुकानात २४ नग एका सकाळीत जातात. लहान गावात महिन्याला १० खपतात आणि मालाची मुदत दोन महिन्यांची आहे. वीस विकले, चार फेकले. विकलेल्या विसांवर ५०० मिळाले, फेकलेल्या चारांत ३०० गेले. उरले २००. भाजी, फळं, दूध यांची मुदत तर दिवसांत असते. म्हणून लहान दुकानात ताजा माल कमी आणि पुड्यातला माल जास्त दिसतो. त्यावरून दुकानदाराला दोष देण्याआधी ही पेटी आठवावी.

दुसरी, किमान ऑर्डर. मालाची गाडी ८० किलोमीटर आली तर डिझेल तेवढंच, चालकाचा दिवस तेवढाच, मग ती दहा पेट्या उतरवो की शंभर. त्यामुळे वितरक अट घालतो: आठवड्याला अमुक रकमेचा माल घेणार असाल तरच गाडी येईल. अमेरिकेत ही अट हजारो डॉलरची असते. ग्रामीण किराणा दुकानांचा अभ्यास करण्यासाठी कॅन्सस स्टेट विद्यापीठाने खास उपक्रम चालवला आहे. दुकानदारांच्या अडचणींच्या त्यांच्या यादीत विजेचं बिल, मोठ्या दुकान-साखळ्यांची स्पर्धा यांच्या बरोबरीने ही किमान ऑर्डर येते. ती पूर्ण होत नसेल तर दुकानदारापुढे तीन वाटा उरतात. खपणार नाही इतका माल घेऊन ठेवायचा आणि भांडवल अडकवायचं. एक आठवडा सोडून माल मागवायचा आणि शिळी भाजी विकायची. किंवा स्वतः गाडी काढून शहरातल्या मोठ्या दुकानात जायचं, तिथल्या किरकोळ भावात माल घ्यायचा आणि गावात चार पैसे चढवून विकायचा. तिसरी वाट अनेक लहान दुकानदार धरतात. ते आपल्याच स्पर्धकाकडून खरेदी करत असतात.

तिसरी गोष्ट भावाची. मोठी साखळी एकदम लाखो नग उचलते, म्हणून तिला कमी भाव मिळतो. काही प्रमाणात हे रास्तच आहे. एका ठिकाणी मोठा माल पोचवणं खरोखर स्वस्त पडतं. पण साखळीच्या दबावामुळे मिळणारी सूट त्याच्याही पुढे जाते. अमेरिकेत १९३६ साली याच मुद्द्यावर रॉबिन्सन-पॅटमन कायदा झाला. स्पर्धेला मारक ठरेल अशा रीतीने एकच माल दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांना वेगळ्या भावाने विकू नये, खर्चातला खरा फरक असेल तेवढीच सवलत द्यावी, हा त्याचा गाभा. तेव्हा डोळ्यांपुढे ए अँड पी ही अवाढव्य किराणा साखळी होती. १९८० च्या दशकापासून मात्र सरकारने हा कायदा जवळजवळ वापरलाच नाही. ‘गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतंय ना, मग झालं’ अशी त्यामागची भूमिका होती. ज्या गावातलं दुकानच उठलं तिथल्या गिऱ्हाइकाला काय स्वस्त मिळालं, हे त्या हिशोबात कुठे बसत नाही.

या तिन्ही गोष्टींचं मूळ एकच आहे: लहान दुकान एकटं खरेदी करतं. म्हणून मला सगळ्यात मोलाचे वाटतात ते मागची दारं एकमेकांना जोडणारे प्रयोग.

त्यांचा इतिहास जुना आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेलला १८४४ च्या डिसेंबरात काही कामगारांनी वर्गणी काढून टोड लेनवर स्वतःचं दुकान उघडलं. पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या, इतकाच माल होता. आधुनिक सहकाराची सुरुवात म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. तिचा पुढचा भाग सहसा गाळला जातो. अशी दुकानं गावोगाव निघाली तेव्हा त्यांनाही घाऊक व्यापाऱ्यांच्या भावाने जेरीस आणलं. मग १८६३ साली उत्तर इंग्लंडमधल्या सहकारी दुकानांनी मिळून मँचेस्टरमध्ये स्वतःची घाऊक खरेदी संस्था काढली. म्हणजे लोकांच्या मालकीचं दुकान पुरेसं नव्हतं. दुकानांच्या मालकीचं गोदामही लागलं.

खाजगी दुकानदारांनी तीच गोष्ट वेगळ्या वाटेने केली. १९३२ मध्ये नेदरलँड्समध्ये आद्रियान व्हान वेल या घाऊक व्यापाऱ्याने स्वतंत्र दुकानदारांना एकत्र आणलं. नाव ठेवलं ‘डेस्पार’. एका डच वाक्याची ती आद्याक्षरं होती. अर्थ साधारण असा, की एकदिलाने काम केलं तर सर्वांना नेमाने फायदा होतो. आज अनेक देशांत ‘स्पार’ची पाटी दिसते ती याच संस्थेची. दुकान ज्याचं त्याचं, खरेदी एकत्र.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या वस्त्यांमध्ये हीच कल्पना निसर्गाच्या सगळ्यात कठीण परीक्षेत उतरली आहे. तिथल्या कित्येक गावांना बाहेरून येणारा रस्ताच नाही. उन्हाळ्यात समुद्रातला बर्फ वितळला की जहाजं येतात आणि टिकाऊ माल जवळपास वर्षभराचा एकदम भरून ठेवावा लागतो. ताजा माल विमानाने. एका वस्तीच्या दुकानाने वर्षाचा माल एकट्याने खरेदी करायचा म्हणजे केवढं भांडवल! तिथल्या इन्युइट आणि इतर आदिवासी समाजांच्या सहकारी दुकानांनी ‘आर्क्टिक को-ऑपरेटिव्ह्ज’ ही सामाईक संस्था उभी केली. खरेदी, वाहतूक, हिशोबाची मदत हे सगळं ती बघते आणि तिची मालकी त्या दुकानांकडेच आहे.

अलीकडचं आणि आकाराने अगदी लहान उदाहरण अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातलं आहे. वॉल्श काउंटीतल्या पार्क रिव्हर, एडिनबर्ग आणि हूपल या शेजारच्या गावांनी मागणी एकत्र करायची ठरवली. ऑर्डर एकत्र गेल्याने किमान रकमेची अट सुटते आणि भावही बरा मिळतो. पार्क रिव्हरला माल उतरतो, तिथून बाकीच्या गावांत जातो. हूपलमधलं दुकान बंद झालं होतं; तिथे लोक मागणी नोंदवतात आणि थंड ठेवणाऱ्या कपाटांतून आपला माल उचलतात. फार मोठी यंत्रणा नाही ही. तीन गावांनी एकमेकांना स्पर्धक मानणं सोडलं, तेवढ्यावर ती उभी राहिली.

आता दुकान कुणाच्या मालकीचं असावं, हा प्रश्न. याला उत्साही उत्तरं पुष्कळ मिळाली आहेत.

ब्रिटनमध्ये गावकऱ्यांच्या मालकीची चारशेच्या आसपास दुकानं आहेत. गावकरी दुकानाचे भाग (शेअर) विकत घेतात, पण ज्याने एक भाग घेतला त्याला एक मत आणि ज्याने शंभर घेतले त्यालाही एकच. एखादा पगारी व्यवस्थापक असतो, बाकी कामाला बरेचदा स्वयंसेवक. आयरिश सहकाराचे प्रणेते होरेस प्लंकेट यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली संस्था अशा दुकानांना कायद्याची आणि हिशोबाची मदत पुरवते. ही दुकानं टिकण्याचं प्रमाण चांगलं आहे, आणि त्याचं कारण मला त्या हिशोबातच दिसतं: स्वयंसेवकांमुळे २३ मधला पगाराचा भाग आक्रसतो आणि भागधारक आपल्याच दुकानात येत राहतात म्हणून १०० टिकतात. पण स्वयंसेवक थकतात. पहिल्या वर्षी यादीत चाळीस नावं असतात आणि काही वर्षांनी तीच आठ माणसं रविवारची पाळी करत असतात. याचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा.

काही ठिकाणी खुद्द गावाच्या प्रशासनाने दुकान चालवलं. कॅन्ससमधल्या सेंट पॉल या सहाशे वस्तीच्या गावात १९८५ पासून किराणा दुकान नव्हतं. २००८ मध्ये गावातल्या विकास संस्थेने ते पुन्हा उघडलं, २०१३ मध्ये गावाच्या प्रशासनाने विकत घेतलं आणि पुढची अनेक वर्षं चालवलं. फ्लोरिडातल्या बाल्डविनने २०१९ मध्ये तसंच केलं. देशभर कौतुक झालं, पण २०२४ मध्ये ते दुकान बंद करावं लागलं. सरकारी मालकी असली तरी पेटी तीच, किमान ऑर्डर तीच, घाऊक भाव तोच. नेब्रास्कातल्या कोडी या दीडशेएक वस्तीच्या गावाने आणखी वेगळं केलं: पेंढ्याच्या गाठी रचून दुकानाची इमारत उभी केली आणि शाळेतल्या मुलांकडे ते चालवायला दिलं. २०१३ मध्ये ते उघडलं. हिशोब, मागणी, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं मुलं शिकतात. मला ही कल्पना मनापासून आवडते, तरी सगळीकडे तशी शाळा आणि तसे शिक्षक मिळतील असं नाही.

नॉर्वेने १९९५ पासून ‘मेर्कुर’ नावाची योजना विरळ वस्तीतल्या दुकानांसाठी चालवली आहे. तिच्यात फ्रीज बदलायला किंवा इमारत सुधारायला पैसे मिळतात, पण त्यासोबत दुकानदाराला प्रशिक्षण आणि सल्लागारही मिळतो. अनेक दुकानांत टपालाचा काउंटर असतो, साधी औषधं मिळतात. एकाच छपराखाली चार कामं आली की २३ चा खर्च चार कामांत वाटला जातो; टपाल घ्यायला आलेला माणूस दूधही घेऊन जातो. हे इतकं सरळ आहे की जिथे टपाल, बँकेचं काम आणि दुकान वेगवेगळ्या इमारतींत एकेक करून मरताना दिसतं, तिथे वाईट वाटतं.

दुकानात माणूसच नसेल तर? स्वीडन आणि जर्मनीत अशी लहान दुकानं निघाली आहेत. ओळख पटवून दार उघडायचं, आपणच स्कॅन करून पैसे भरायचे. पगाराचा खर्च कमी होतो आणि दुकान रात्रीही उघडं राहतं. जर्मनीत तर दुकानात माणूस नाही, तरी रविवारच्या सुट्टीचा कायदा लागू होतो का, यावर खटला झाला. २०२३ मध्ये हेसेन राज्याच्या न्यायालयाने ‘होतो’ म्हटलं आणि पुढच्याच वर्षी राज्याला कायदा बदलावा लागला. मात्र ज्यांच्यासाठी दुकान सगळ्यात गरजेचं, त्यांनाच मोबाईलवर दार उघडणं सगळ्यात अवघड जातं.

त्यांच्यापर्यंत पोचलेला उत्तम प्रयोग जपानचा आहे. शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा भागात २०१२ मध्ये ‘तोकुशिमारू’ ही फिरती दुकानं सुरू झाली. आज अशा हजाराहून जास्त छोट्या गाड्या आहेत. यात मागच्या दाराचा प्रश्न ज्या रीतीने सोडवला आहे ते बारकाईने बघण्यासारखं आहे. गाडी चालवणारा विक्रेता स्वतंत्र व्यावसायिक असतो, गाडी त्याची. पण माल तो विकत घेतच नाही. सकाळी जवळच्या सुपरमार्केटमधून सुमारे ४०० प्रकारच्या वस्तू, एकूण हजाराहून जास्त नग गाडीत भरतो आणि संध्याकाळी न खपलेला माल परत करतो. ताजा माल लगेच सुपरमार्केटच्या फडताळावर जातो. पेटी नाही, किमान ऑर्डर नाही, नासाडीची जोखीम त्याच्यावर नाही. प्रत्येक वस्तूवर गिऱ्हाइकाकडून थोडे येन जादा घेतले जातात. सुरुवातीला ही रक्कम १० येन होती. ते जादा पैसे लपवलेले नाहीत, सगळ्यांना माहीत असतात. गाडी आठवड्यातून दोनदा ठरलेल्या घरांपुढे थांबते, त्यामुळे एखाद्या वृद्धाने दार उघडलं नाही तर विक्रेत्याच्या लगेच लक्षात येतं. आणखी एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो: जिथे एखादं लहान स्थानिक दुकान अजून तग धरून आहे, त्याच्या ३०० मीटरच्या आत ही गाडी विक्री करत नाही.

घरपोच ऑनलाइन मागणीबद्दल थोडक्यात. तिचा खर्च दोन घरांमधल्या अंतरावर ठरतो. शहरात एका फेरीत पन्नास घरं होतात, विरळ वस्तीत पाच. म्हणून ही सेवा जिथे सगळ्यात कमी गरज आहे तिथे आधी पोचते.

अनुदानाने काम होतं का? कुठे आणि कसं दिलं यावर ते ठरतं. इंग्लंडमध्ये ३,००० पेक्षा कमी वस्तीच्या गावातल्या एकुलत्या एका, ठराविक मूल्यापर्यंतच्या खाद्यपदार्थांच्या दुकानाला मालमत्ता करात सूट आहे. साधा, तपासायला सोपा उपाय. कॅनडाने २०११ मध्ये उत्तरेकडच्या वस्त्यांसाठी ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजना आणली. वजनाच्या हिशोबाने अनुदान दुकानदाराला मिळतं आणि त्याने तेवढा भाव उतरवायचा, अशी अपेक्षा. २०१४ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं की पूर्ण लाभ गिऱ्हाइकापर्यंत पोचतो का, याची खात्रीच सरकारने करून घेतली नव्हती. जिथे एकच दुकान आहे तिथे भाव उतरवायला भाग पाडणारं दुसरं कुणी नसतं, हे आधीच ओळखायला हवं होतं.

उरला मालकाच्या निवृत्तीचा मुद्दा. धंदा बरा चालूनही दुकान बंद होतं ते बहुधा इथे. मुलं दुसऱ्या गावी, फ्रीज जुने, नव्या माणसाला कर्ज मिळत नाही, आणि गावाला कळतं तेव्हा पाटी उतरलेली असते. इंग्लंडमध्ये २०११ च्या कायद्याने गावकऱ्यांना अशी जागा ‘समाजाच्या मोलाची मालमत्ता’ म्हणून आधीच नोंदवून ठेवता येते. मग मालकाने ती विकायला काढली आणि गावकऱ्यांनी घेण्याची इच्छा कळवली, तर पैसे उभे करायला त्यांना सहा महिने मिळतात. हे सहा महिने भाग विकण्यात आणि सभा घेण्यातच जातात. त्यातला एक पूर्ण दिवस मालकाशेजारी बसून काढावा: गाडी कुठल्या वारी येते, किमान ऑर्डर किती, कोणती पेटी शेजारच्या गावातल्या दुकानदाराबरोबर अर्धी वाटून घेतात, कोणता वितरक उशिरा पैसे चालवून घेतो, उन्हाळ्यात भाजी किती कमी मागवायची. यातलं बरंचसं कुठेच लिहिलेलं नसतं, आणि मालक गेला की विचारायला कुणी उरत नाही.